थीफच्या हातात विझार्डची वँड: कोणती जादुई वस्तू कोणाला चालते?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, खेळाडूंची पार्टी पाचव्या लेव्हलची. विझार्ड खेळणारा मित्र नोकरीसाठी बाहेरगावी गेला, त्याचं कॅरेक्टरही गोष्टीतून निघून गेलं. मागे राहिलं ते सामान: एक वँड ऑफ फायरबॉल्स (आगीचे गोळे टाकणारी जादूची कांडी), फायरबॉलचा एक स्क्रोल (एकदाच वाचता येणारी स्पेलची, म्हणजे मंत्राची, गुंडाळी), आणि ड्रॅगनच्या खजिन्यात सापडलेली होली अव्हेंजर तलवार. उरलेल्या पार्टीत फॉरेस्ट नोम जातीचा थीफ, एक मानव फायटर आणि एक क्लेरिक (पुरोहित). खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणजे डीएम, म्हणतो, ज्याचा तो क्लास (पेशा) नाही त्याला यातलं काहीच चालणार नाही. जुना खेळाडू म्हणतो, रोल करून चालवता येतं, आम्ही कायम चालवायचो. आणि बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून टेबलावर आलेला तिसरा म्हणतो, स्क्रोल तर कोणीही वाचतो. यात खरं कोणाचं?

तिघांनीही आपापलं पुस्तक, आपापला गेम बरोबर लक्षात ठेवलाय. फक्त तुमच्या टेबलावरचं पुस्तक त्यातलं एकच आहे, आणि ते डीएमच्याही पूर्ण बाजूने नाही. त्या पुस्तकाप्रमाणे वँड क्लेरिकलाही चालते आणि थीफलाही. स्क्रोल दोघांनाही चालत नाही (क्लेरिकबाबत एक अपवाद आहे, तो पुढे येईल). तलवार फायटरच्या हातात साधी तलवार.

डीएमची गल्लत अशी की त्याने ‘क्लासची अट’ हा एकच सरसकट नियम धरलाय. पाचव्या आवृत्तीत असा नियमच नाही. प्रत्येक वस्तूच्या वर्णनात तिची अट लिहिलेली असते, आणि काही लिहिलं नसेल तर अट नाही. वँड ऑफ मॅजिक मिसाइल्स घ्या. सात चार्जेस, अट्यूनमेंट (वस्तूशी आधी जुळवून घेणं) नाही, क्लासची अट नाही. आयुष्यात कधी जादू न केलेल्या बार्बेरियनने उचलली तरी चालते. पोशन कोणीही प्यावं. नेकलेस ऑफ फायरबॉल्समधला मणी कोणीही ६० फुटांपर्यंत फेकावा, तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल फुटतो, त्यातून वाचायच्या रोलला, म्हणजे सेव्हला, गाठायचा आकडा (डीसी) १५. म्हणजे ‘ही जादूची वस्तू आहे, विझार्डलाच द्या’ हे वाक्य पुस्तकात नाही, ते आपल्या डोक्यातलं आहे.

अटी आहेत तिथे त्या वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

अट्यूनमेंटपासून सुरुवात करू. काही वस्तूंना शॉर्ट रेस्टभर जवळ घेऊन बसावं लागतं, एका वेळी तीनच अशा वस्तू बाळगता येतात. त्यातल्या काहींपुढे लिहिलेलं असतं ‘पॅलाडिनकडून’, ‘बार्डकडून’, ‘सॉर्सरर, वॉरलॉक किंवा विझार्डकडून’. ही खरी क्लासची अट. पण वँड ऑफ फायरबॉल्सपुढे फक्त ‘स्पेलकास्टरकडून’ एवढंच आहे. आणि डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्पेलकास्टर कोण, हे स्वच्छ लिहिलंय: जो आपल्या अंगच्या गुणांनी किंवा क्लासच्या फीचरने निदान एक स्पेल टाकू शकतो तो. दुसऱ्या जादुई वस्तूच्या जोरावर टाकलेला स्पेल मोजायचा नाही. बस्स. स्पेल स्लॉट हवेत असं म्हटलेलं नाही, विझार्ड असावा असंही नाही.

क्लेरिक यात सरळ बसतो, त्यामुळे त्याला वँड नाकारायचा प्रश्नच येत नाही. थीफचं बघा. प्रश्नात तुम्ही ‘फॉरेस्ट नोम’ हे जाता जाता लिहिलंय, पण निकाल त्या दोन शब्दांवर लागतो. फॉरेस्ट नोमला जन्मतःच मायनर इल्युजन ही कँट्रिप येते. कँट्रिप हा शून्य लेव्हलचा स्पेलच आहे. म्हणजे तुमचा थीफ पुस्तकाच्या व्याख्येने स्पेलकास्टर आहे. त्याने रात्री शेकोटीपाशी तासभर ती वँड हातात धरून बसावं आणि सकाळी फायरबॉल टाकावा. वँडचा डीसी १५ ठरलेला आहे, त्याच्या बुद्धीशी त्याचा संबंध नाही. एक चार्ज खर्च केला तर ८डी६ डॅमेज, म्हणजे सहा बाजूंचे आठ डाय (फासे). सगळे सात एकदम ओतले तर नवव्या लेव्हलचा फायरबॉल, १४डी६. पण शेवटचा चार्ज गेल्यावर डी२० टाकायचा, आणि एक आला तर वँडची राख. पाचव्या लेव्हलच्या थीफला हे जमतं हे कळल्यावर डीएमचा चेहरा पडेल, त्याची तयारी ठेवा.

म्हणून माझी सवय अशी की ‘चालेल का?’ असं कोणी विचारलं की मी क्लास नंतर बघतो, जात आधी बघतो. हाय एल्फला विझार्डची एक कँट्रिप मिळते. टीफलिंगला थॉमेटर्जी येते, ड्राउला डान्सिंग लाइट्स. शॅडो मंक आपली ‘की’ नावाची शक्ती खर्चून डार्कनेस टाकतो, तोही पात्र. टोटेम वॉरियर बार्बेरियन तिसऱ्या लेव्हलला बीस्ट सेन्स आणि स्पीक विथ अ‍ॅनिमल्स रिच्युअल म्हणून टाकतो, तोसुद्धा पात्र! फक्त रेजमध्ये असताना त्याला स्पेल टाकता येत नाही आणि वँडमधून टाकलेला स्पेलही स्पेलच असतो, त्यामुळे आधी फायरबॉल, मग आरडाओरडा, हा क्रम त्याने पाळायचा. मॅजिक इनिशिएट हे फीट (जादा कौशल्य) घेतलेला कोणीही पात्र. तुमच्या पार्टीत खरोखर अपात्र असा एकटा मानव फायटर आहे, आणि तोही तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट (फायटरचा जादू शिकणारा प्रकार) झाला असता तर सुटला असता.

स्क्रोलची अट वेगळ्या प्रकारची. तिथे अट्यूनमेंट नाही, तर यादी बघायची. स्पेल तुमच्या क्लासच्या स्पेल लिस्टमध्ये असेल तर वाचता येतो, नसेल तर स्क्रोल अगम्य. इथे खेळाडू हमखास वाद घालतात: ‘अहो, लिहिलेलंच आहे ना, माझ्या कॅरेक्टरला चार भाषा येतात!’ भाषा येऊन उपयोग नाही. पुस्तकाने वापरलेला शब्दच असा आहे की मजकूर वाचणाऱ्याला उमगतच नाही, भाषा कोणतीही असो. नोमची कँट्रिपही इथे कामाची नाही, कारण ती जातीकडून आली, क्लासच्या यादीतून नाही. मॅजिक इनिशिएटचंही तेच. आर्केन ट्रिकस्टर (चोराचा जादू शिकणारा प्रकार) आणि एल्ड्रिच नाइट विझार्डच्या यादीतून स्पेल शिकतात, त्यांना विझार्डचे स्क्रोल वाचू द्यावेत असं मी मानतो, बहुतेक डीएमही मानतात. तुमचा क्लेरिक लाइट डोमेनचा असेल तर फायरबॉल त्याचा डोमेन स्पेल आहे आणि तो त्याच्यापुरता क्लेरिकचाच स्पेल मोजतात. तोच मघाचा अपवाद. माझ्या टेबलावर त्याने खुशाल वाचावा. डोमेन दुसरं असेल तर तो स्क्रोल विकून हिलिंग पोशन्स घ्या.

यादीत आहे पण लेव्हल वरची आहे, तेव्हा रोल येतो. आपल्या स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटीचा चेक, डीसी १० अधिक स्पेलची लेव्हल. नापास झालात की स्क्रोल कोरा. लक्षात घ्या, यात प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा सरावाचा बोनस) मिळत नाही, नुसता त्या गुणाचा मॉडिफायर, म्हणजे १८ला +४. पाचव्या लेव्हलचा विझार्ड, बुद्धी १८, चौथ्या लेव्हलचा स्क्रोल: डीसी १४, त्याला डायवर १० किंवा वर हवा, म्हणजे ५५ टक्के. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे घरगुती नियमाच्या वेळी तो लागणार आहे.

तिसरा प्रकार म्हणजे वस्तूच्या वर्णनातच लपलेली अट. इन्स्ट्रुमेंट ऑफ द बार्ड्स बार्डसाठी. पण दुसऱ्याने वाजवायला घेतलं तर ‘काही होत नाही’ असं नाही, डीसी १५चा विझडम सेव्ह, आणि चुकला तर २डी४ सायकिक डॅमेज. याच्या उलट होली अव्हेंजर. अट्यूनमेंट ‘पॅलाडिनकडून’, आणि अट्यून न होता वापरलेल्या वस्तूचे फक्त बिनजादूचे फायदे मिळतात हा सर्वसाधारण नियम. म्हणून फायटरच्या हातात ती नुसती तलवार. +३ नाही, भुताखेतांवरचे २डी१० नाहीत, काही नाही. तुमच्या जुन्या खेळाडूला इथे धक्का बसेल, कारण त्याच्या ३.५ या जुन्या आवृत्तीत तीच तलवार कोणाच्याही हातात निदान +२ होती, पॅलाडिनच्या हातात +५.

आता त्याच्याकडे वळू, कारण त्याची आठवण खोटी नाही. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात ‘यूज मॅजिक डिव्हाइस’ नावाचं स्किल आलं, जे २००३च्या ३.५मध्ये आणखी मोकळं झालं. त्याआधी, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, दहाव्या लेव्हलचा थीफ स्क्रोल वाचू शकायचा आणि २५ टक्के वेळा काहीतरी विपरीत व्हायचं, एवढाच प्रकार होता. ३.५ने त्याचं मोठं तक्तेबाज स्किल केलं. वँड चालवायला डीसी २०. स्क्रोल चालवायला २० अधिक कास्टर लेव्हल. स्क्रोलवरचा मजकूर आधी उलगडून घ्यायला २५ अधिक स्पेल लेव्हल. जात ढोंगाने दाखवायला २५, अलाइनमेंट दाखवायला ३०. काहीच माहीत नसताना वस्तू आंधळेपणाने चालू करायला २५. नापास होऊन डायवर एक आला तर ती वस्तू २४ तास तुम्हाला दाद देणार नाही.

तुमच्या थीफचे आकडे त्या नियमात घालून बघा. पाचवी लेव्हल, स्किलमध्ये कमाल आठ रँक, करिष्मा १४ धरू, म्हणजे +१०. वँडसाठी डायवर १० किंवा वर हवा: ५५ टक्के. ठीक आहे. फायरबॉलचा स्क्रोल कास्टर लेव्हल पाचचा, डीसी २५, म्हणजे १५ किंवा वर: ३० टक्के. पण त्याआधी तो उलगडून घ्यायचा, डीसी २८, म्हणजे १५ टक्के. शिवाय तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला बुद्धी किमान १३ हवी, आणि थीफची १२ असेल तर ती ‘असल्यासारखी’ दाखवायला आणखी एक चेक, त्यातून १५ वजा करून १३ उरले पाहिजेत, म्हणजे पुन्हा २८! जुने खेळाडू ‘आम्ही स्क्रोल चालवायचो’ म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या टेबलावर यातले निम्मे चेक कोणी घेतच नसे. माझा त्यांच्यावर राग नाही, तो तक्ता घेऊन लढाईच्या मधोमध बसणं म्हणजे डोक्याला ताप होता.

त्या स्किलचा खरा उपयोग लढाईत नव्हताच. तो लढाई संपल्यावर होता: भिंतीला टेकून बसायचं, ७५० सोन्याच्या नाण्यांची क्युअर लाइट वूंड्सची वँड काढायची, पन्नास चार्जेस, आणि वीसचा आकडा गाठेपर्यंत डाय टाकत राहायचं. नापास झाल्याने चार्ज जात नाही, वेळ मुबलक, एकच्या आकड्याची तेवढी धास्ती. एकदा बोनस +१९ला पोचला की तीही धास्ती संपली, कारण एक आला तरी वीस होतात. क्लेरिकविना खेळणाऱ्या कितीतरी पार्ट्या त्या वँडवर जगल्या.

पाचव्या आवृत्तीने ते स्किल काढून टाकलं आणि नाव तेवढं थीफच्या तेराव्या लेव्हलच्या फीचरला दिलं. २०१४च्या पुस्तकात त्याचा अर्थ सरळ: जादुई वस्तू वापरण्यावरच्या क्लासच्या, जातीच्या, लेव्हलच्या सगळ्या अटी थीफला माफ. रोल नाही, काही नाही. आर्टिफिसर या क्लासला असंच चौदाव्या लेव्हलला मिळतं, वर एकाच वेळी पाच वस्तू अट्यून करायची मुभा. पण माफी म्हणजे विझार्डइतकी ताकद नव्हे. स्टाफ ऑफ फायरसारख्या काठ्या वापरणाऱ्याचाच डीसी धरतात. स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटी नसेल तर पुस्तक सांगतं: मॉडिफायर शून्य धरा, प्रोफिशियन्सी बोनस मात्र मिळवा. तेराव्या लेव्हलला तो +५, म्हणजे डीसी ८ + ५ + ० = १३. तेराव्या लेव्हलचे राक्षस १३चा सेव्ह झोपेत पास होतात. स्टाफ ऑफ हीलिंगचंही तेच: डाय पूर्ण मिळतात, वरचा मॉडिफायर शून्य. फिक्स्ड डीसीच्या वस्तू थीफला सोन्यासारख्या, काठ्या तेवढ्या नाहीत. हा फरक फीचर हातात आल्यावर नाही, खजिना वाटून घेताना लक्षात ठेवायचा.

इथे एक सावधगिरी. तुमच्या टेबलावर कोणी २०२४चं प्लेयर्स हँडबुक उघडून बसलं असेल तर तेच नाव, तीच तेरावी लेव्हल, पण आत मजकूर वेगळा. नव्या फीचरमध्ये क्लासच्या अटी माफ नाहीत. त्याऐवजी चार वस्तू अट्यून करता येतात, चार्ज खर्च करताना डी६ टाकून सहा आला तर चार्ज वाचतो, आणि कोणताही स्पेल स्क्रोल बुद्धीच्या जोरावर वाचता येतो. कँट्रिप आणि पहिल्या लेव्हलचा बिनचूक, त्याच्या वरचा असेल तर इंटेलिजन्स (आर्काना) चेक, डीसी १० अधिक स्पेल लेव्हल, नापास झालात तर स्क्रोलचा भुगा. म्हणजे जुना थीफ पॅलाडिनची तलवार पेलायचा, नवा पेलू शकत नाही. बदल्यात नव्याचं ‘फास्ट हँड्स’ हे फीचर जादुई वस्तूंनाही लागू झालं, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये वँड. जुन्या पुस्तकात हे मुद्दाम बंद केलेलं होतं: जादुई वस्तू चालवणं म्हणजे ‘यूज अ‍ॅन ऑब्जेक्ट’ नव्हे, असं डीएमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. हे दोन्ही थीफ एकाच टेबलावर मिसळू नका. दोन पुस्तकांतली दोन गोड वाक्यं जोडून एक खिचडी करणारे खेळाडू मी खूप पाहिलेत.

बाल्डर्स गेट ३ वाल्या मित्राचं दोन ओळींत. २०२३चा तो व्हिडिओ गेम पाचव्या आवृत्तीवर उभा आहे, पण स्क्रोलवरची क्लासची अट त्यात ठेवलेली नाही, कोणीही वाचू शकतो. त्यांचा तो निर्णय, गेमपुरता. त्याला तुमच्या टेबलावर आधार नाही.

आता तुमच्या प्रश्नातला न विचारलेला प्रश्न: पुस्तक काही म्हणो, विझार्ड गेलाय, पार्टीला हातभार हवाय, घरगुती नियम कसा करावा?

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीकडून एक कल्पना उसनी घेण्यासारखी आहे. तिथे ‘ट्रिक मॅजिक आयटम’ नावाचं पहिल्या लेव्हलचं स्किल फीट आहे. वस्तूची जादू ज्या परंपरेची, त्या परंपरेचं स्किल लागतं: आर्केनला आर्काना, डिव्हाइनला रिलिजन, प्रायमलला नेचर, ऑकल्टला ऑकल्टिझम. डीसी वस्तूच्या लेव्हलवरून. पण खरी किंमत डायमध्ये नाही, अ‍ॅक्शनमध्ये आहे. एका टर्नला तीन अ‍ॅक्शन मिळतात. वस्तूला फसवायला एक जाते, आणि जमलं तर ते त्या टर्नपुरतंच. फायरबॉलला दोन लागतात. म्हणजे हलणं नाही, लपणं नाही, पूर्ण टर्न त्यातच. फार चुकलात तर दुसऱ्या दिवसाच्या तयारीपर्यंत ती वस्तू बंद. हा सौदा मला ३.५च्या तक्त्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण खेळाडूला पैसे टेबलावरच मोजावे लागतात.

पाचव्या आवृत्तीत हे आणताना बहुतेक डीएम एकच गोष्ट करतात: ‘आर्काना चेक, डीसी १० अधिक स्पेल लेव्हल, चला!’ ऐकायला छान, हिशोबात फसवं. मघाचा विझार्ड आठवा, बुद्धी १८, चौथ्या लेव्हलचा स्क्रोल, ५५ टक्के, कारण त्याला प्रोफिशियन्सी मिळत नाही. आता थीफ घ्या, बुद्धी १२, बॅकग्राउंडमधून आर्काना आलेलं आणि त्यावर एक्सपर्टाइज (दुप्पट प्रोफिशियन्सी) ठेवलेलं: १ + ६ = +७. तोच डीसी १४, त्याला सात किंवा वर पुरतो, ७० टक्के. म्हणजे ज्याने जन्म पुस्तकात घातला तो अडखळतो आणि खिसेकापू धडाधड वाचतो. तुमच्या टेबलावर उद्या नवा विझार्ड आला तर तो पहिल्याच सेशनला नाराज होईल.

म्हणून माझ्या टेबलावर यादीबाहेरच्या स्क्रोलला डीसी १५ अधिक स्पेल लेव्हल. स्किल स्पेलच्या प्रकाराप्रमाणे, आणि त्या स्किलमध्ये प्रोफिशियन्सी असल्याशिवाय डाय उचलायचाच नाही. वरच्या थीफला आता डीसी १९, बारा किंवा वर, ४५ टक्के. विझार्डच्या खाली, पण ‘बघू या का?’ म्हणण्याइतपत वर. नापास झाल्यावर स्क्रोल नुसता कोरा होत नाही, तर डंजन मास्टर्स गाइडमधला स्क्रोल मिसहॅपचा ऐच्छिक तक्ता लागू होतो: डीसी १०चा इंटेलिजन्स सेव्ह, तोही चुकला तर डी६. एक आला तर स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे वाचणाऱ्यालाच १डी६ फोर्स डॅमेज. दोन आला तर स्पेल आपल्याच कोणावर. पण सगळ्यात खोडकर आकडा सहा: स्पेल १डी१२ तासांनी सुटतो, मूळ लक्ष्याच्या दिशेने.

तो सहा आमच्याकडे एकदा आला. थीफने एका ऑर्क सरदारावर फायरबॉलचा स्क्रोल वाचायचा प्रयत्न केला, चेक गेला, सेव्ह गेला. मी स्क्रीनमागे डी१२ टाकला, नऊ. मी एवढंच म्हटलं, ‘अक्षरं पुसली गेली, काही झालं नाही.’ पुढे त्यांनी तो सरदार जिवंत पकडला, बक्षिसाच्या आशेने गावात आणला, आणि सरायच्या तबेल्यात, आपल्याच घोड्यांशेजारी बांधून वर जाऊन झोपले. तासांचा हिशोब मी वहीच्या कोपऱ्यात काड्या मारून ठेवला होता. पहाटेचा पहारा चालू असताना मी थीफला विचारलं, ‘तुझी खोली तबेल्यापासून किती फुटांवर?’ तो आधी गोंधळला. मग त्याने हळूच पुस्तकातला फायरबॉल उघडला, रेंज १५० फूट बघितली आणि पुढच्याच श्वासात ओरडला, ‘घोडे!’ घोडे काही वाचले नाहीत. बक्षीसही नाही. पण त्या टेबलावर स्क्रोल पुन्हा कोणी हलक्यात घेतला नाही.

अट्यूनमेंटच्या वस्तूंना मात्र मी रोल ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका असं सुचवेन. स्क्रोल एकदाचा असतो, एक रोल, एक परिणाम, संपलं. वँड रोज सकाळी भरते. तिथे एकदा रोल जमला की तो कायमचा पास ठरतो, आणि दर वेळी रोल घ्यायचा म्हटलं तर ३.५चीच कटकट परत. शिवाय पाचव्या आवृत्तीत तीनच जागा ही किंमत आधीच वसूल झालेली आहे. स्पेलकास्टरची व्याख्या इतकी सैल आहे की ज्याला खरंच हवं त्याला एखादी वाट सापडतेच.

डीएमला हळूच सांगण्यासारखी एक गोष्ट. फायटरलाही स्पेल टाकायला मिळावं अशी इच्छा असेल तर नियम वाकवण्यापेक्षा खजिन्यात रिंग ऑफ स्पेल स्टोअरिंग ठेवा. कोणीही अट्यून करू शकतो, एकूण पाच लेव्हल भरतील एवढे स्पेल आत साठतात, आणि वापरताना डीसी, अ‍ॅटॅक बोनस सगळं ज्याने भरलं त्याचं. क्लेरिकने रात्री उरलेल्या स्लॉट्समधून ब्लेस भरून फायटरला द्यावं. कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलला देता येणारं लक्ष) मग फायटर सांभाळतो, ज्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्हची प्रोफिशियन्सी आहे, आणि क्लेरिक मोकळा होऊन स्पिरिट गार्डियन्स लावतो. नियमातलं एक अक्षर न बदलता फायटर जादूत भागीदार होतो. फायरबॉलचीच हौस असेल तर मघाचा नेकलेस आहेच.

आणखी एक अपवाद क्लेरिकच्या बाबतीत सांगतो, कारण हा प्रसंग तुमच्यावर येणार आहे. रिव्हिव्हिफायचा (मेलेल्याला परत उठवणाऱ्या स्पेलचा) स्क्रोल मिळाला तर तो क्लेरिकच्याच झोळीत टाकायचा मोह होतो. क्लेरिकच पडला तर? पुस्तकाप्रमाणे थीफ आणि फायटर दोघांनाही तो अगम्य. आणि स्क्रोलला मटेरियल लागत नाही, म्हणजे ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा वाचतो, त्यामुळे तो स्क्रोल तसाही मोलाचा. मी अशा वेळी वरचाच नियम रिलिजन स्किलवर लावतो, डीसी १८, आणि मिसहॅप सोडून देतो. मित्र मेलाय, एक मिनिट हातात आहे, डाय टाकायला एवढं पुरेसं आहे. त्यात विनोदी तक्ता घुसवायला मन होत नाही.

राहिली तलवार. पाचव्या लेव्हलला लेजंडरी वस्तू खजिन्यात सोडणाऱ्या डीएमला माझा नमस्कार, पण आता ती आहे. रोलने होली अव्हेंजर कोणाला देऊ नका. तिला रीतसर दार आहे: अट ‘पॅलाडिनकडून’ एवढीच, किती लेव्हलचा ते लिहिलेलं नाही. फायटरने पॅलाडिनची एक लेव्हल घेतली की तो पॅलाडिन. मग +३, २डी१० रेडियंट आणि भोवतालच्या दहा फुटांत स्पेल्सविरुद्धच्या सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज, सगळं मिळतं. फक्त तीस फुटांचं वर्तुळ सतरा पॅलाडिन लेव्हलना राखीव. मल्टिक्लाससाठी (दुसरा क्लास जोडायला) पॅलाडिनला स्ट्रेंग्थ १३ आणि करिष्मा १३ दोन्ही लागतात. फायटरचा करिष्मा तुम्ही लिहिलेला नाही. तो ११ किंवा १२ असेल तर सहाव्या लेव्हलला फायटरला मिळणारी गुणांतली वाढ तिथे टाका आणि सातवी लेव्हल पॅलाडिनची घ्या. १०च असेल तर दोन वाढी लागतील, म्हणजे आठवी फायटर लेव्हल, मग पॅलाडिन. दोन्ही बाबतींत फायटरचा अकराव्या लेव्हलचा तिसरा हल्ला एक लेव्हल उशिरा येईल, एवढं खेळाडूला आधीच सांगून ठेवा.